शिलाईत गेलेले शब्द

मिटलं.

जिज्ञासाने दोन्ही अंगठे आत घालून पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं, आणि या खेपेला डावा अंगठा आतच राहिला. फार दुखलं नाही. पण पुस्तकानं आपल्याला धरलं असं काहीतरी वाटलं, आणि मधल्या सुट्टीच्या त्या गोंगाटात ती हात तसाच ठेवून बसून राहिली. शाळेच्या ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं रोज येतात. ती लुळी असतात. टेबलावर ठेवली की आपोआप उघडी पडतात, मधली पानं जिभेसारखी बाहेर येतात, पुठ्ठा एकीकडे आणि पोट एकीकडे. हे उलटं होतं. हे घट्ट होतं, अंग चोरून बसलेलं. पाठीवर निळी जाड पट्टी, नीट दुमडून बसवलेली, आणि त्या पट्टीवरून नारिंगी दोऱ्याच्या दोन समांतर रेघा, वरपासून खालपर्यंत, कुठेही न डगमगता. तिला हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं आणि कुठे ते कळेना. मग समोरून नववीचा एक मुलगा रंगीत कपड्यांच्या दिवसाची जीन्स घालून गेला आणि तिला कळलं. मांडीच्या बाजूची शिलाई. कुणीतरी पुस्तकाला पँट शिवावी तसं शिवलं होतं.

ग्रंथालयाच्या दाराशी पाटी आहे. पुस्तक फाटल्यास तसेच आणून द्यावे, घरी दुरुस्त करू नये. पाटी ग्रंथपाल म्हणून तिनेच लिहिली, कारण उल्हासनगरातली घरं पुस्तकाला काय काय करू शकतात हे तिनं पाहिलं होतं. चिकटपट्टी तर असतेच, जी वर्षभरात पिवळी पडून अक्षरं घेऊन उतरते. शिवाय भाताची शितं, ज्यांच्यामागे झुरळं येतात. स्टेपलरच्या पिना, ज्या गंजतात. एकाने पंक्चरचं सोल्युशन लावून आणलं होतं, त्याच्या बापाचं टायरचं दुकान, आणि ते पुस्तक कपाटात शेजारच्या दोघांना धरून बसलं. प्रत्येक घर आपल्याकडे जे असेल ते लावतं. तिच्याकडे स्वतःची रीत होती. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. सुती दोरा, मेण लावलेला. पानांचे जुडगे सोडवायचे, एकेक जुडगा मधोमध टोचून शिवायचा, मग पाठीला मलमलीची पट्टी. जुजबंदी म्हणतात तिला. त्या शिलाईचं पुस्तक टेबलावर ठेवलं की सपाट पडतं, हात लावावा लागत नाही.

हे पुस्तक तिनं दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं आणि आत डोकावली. गोष्ट तिच्या ओळखीची होती. बाजारात विकायला नेलेली म्हातारीची बकरी एकटीच घरी परत येते, एवढीच गोष्ट, पाचवी-सहावीची मुलं आवडीनं नेतात. पण शिलाई काठावर नव्हती. चांगली आत होती, छापलेल्या मजकुरातून गेलेली. उजव्या पानावर प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिलाईच्या पलीकडे गेला होता. डाव्या पानावर प्रत्येक ओळीचा शेवटचा. पुस्तक होतं, चित्रं होती, बकरी होती, आणि प्रत्येक ओळ एका शब्दानं कमी. ती पटकन म्हणाली, स्वतःशीच, हे रद्द. आणि म्हणताना आपला आवाज जरा जास्तच पटकन आला असं तिला वाटलं.

पटकन. हा तिचा गुण होता. मुलं येतात आणि म्हणतात, टीचर, ते पुस्तक, ज्याच्यावर ना, निळं, आणि एक मुलगी, ती, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत जिज्ञासाच्या हातात ते पुस्तक असतं. मोठ्या बाई पाहुण्यांना हे दाखवायच्या. बघा, आमच्या ग्रंथपालबाईंना अर्धं सांगितलं तरी पुरतं. तिला याचं कौतुक होतं, का असू नये. अर्ध्या वाक्यावरून उरलेलं ओळखणं ही काही लहान गोष्ट नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात बाबांना झटका आला, उजवा हात महिन्याभरात सुधारला पण बोलणं सुधारलं नाही, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं घरात जिज्ञासा आहे. शब्द हरवायचे त्यांचे. सगळे नाही. नेमका हवा तो. जयदेव, तिचे बाबा, ज्यांनी आयुष्यभर बदलापूरजवळच्या सोनिवलीत भात लावला, नदीकाठी वीटभट्टी चालवली आणि भट्टीवरच्या माणसांना या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली, ते खुर्चीत बसून म्हणायचे, ते दे, ते, ते. आणि घर सुरू व्हायचं. पानी? चष्मा? गोळी? टीव्ही लावू? ते मान हलवायचे, नाही. रिमोट? पेपर? टॉवेल? आई स्वयंपाकघरातून ओरडायची, पाहुणे बसल्या जागेवरून बोलायचे, वरच्या मजल्यावरचा कुणी आला तर तोही दोन शब्द टाकून बघायचा. एखादा लागायचा. लागला की लावणाऱ्याला आनंद व्हायचा. सगळ्यात जास्त जिज्ञासाचे लागायचे. दिवाळीच्या आसपास केव्हातरी ते दारापाशी उभे राहून म्हणाले, मला तो, मला त्या, आणि तिनं चप्पल काढता काढता एकामागून एक शब्द दिले, आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि तोंड मिटलं. राग नव्हता. दुकानाचं शटर खाली यावं तसं सावकाश. त्यानंतर बोलले नाहीत. बोट दाखवतात, मान हलवतात, नाहीतर नुसते बसतात.

बदलापूरला ज्या बाई वाचोपचार करतात त्या तरुण आहेत, जिज्ञासापेक्षाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शब्द आत आहेत. बाहेर यायला त्यांना वेळ लागतो. तो वेळ तुम्ही खाताय. मग जरा मऊ आवाजात, असेच गप्प राहिले तर आहेत तेही आत अडकून बसतील, त्यांना बोलतं ठेवा, पण तुमचे शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. जिज्ञासाने मान डोलावली. घरी येऊन प्रयत्नही केला. बाबांसमोर बसायची, ओठ दाबून, आणि त्यांच्या ओठांची जराशी हालचाल झाली की हिचं तोंड आपोआप उघडायचं. शिंक आल्यासारखं. त्यांना ते दिसायचं, आणि ती जराशी हालचालही थांबायची. आता तर हालचालही नाही. ग्रंथालयात खराब पुस्तकांसाठी तिच्या खुणा आहेत, नोंदीत लिहायला सोप्या. फा. म्हणजे फाटलेलं. ग. म्हणजे गहाळ. जी. म्हणजे जीर्ण, हात लावला तर कण पडतात. विठ्ठलवाडीहून लोकलनं घरी जाताना कधीकधी मनात येतं, बाबा यातलं काय? फाटलेले नाहीत. गहाळ नाहीत, रोज खुर्चीत दिसतात. जीर्ण म्हणण्याइतकं वय नाही. जागेवर असलेलं आणि न उघडणारं, याला खूण नाही. तशी वेळच आली नव्हती.

पुस्तक सहावीतल्या ऋतिकाच्या नावावर होतं. ते नेल्यापासून बरेच दिवस ती ग्रंथालयाच्या तासाला मागच्या बाकावर बसून राहायची, काही न्यायची नाही. पुस्तक तिनं दिलंही नव्हतं, सुट्टीत कुणाकडून तरी पाठवलं आणि टेबलावर ठेवून तो कुणीतरी पळाला. जिज्ञासाने घरी निरोप धाडला, आईला भेटायला बोलावलं आहे. निरोप लिहिताना तिनं वाक्यं मनात तयार केली होती, पाटीच्या भाषेतली.

ऋतिकाची आई श्रद्धा दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आली. उल्हासनगरच्या कॅम्प पाच नंबरला राहते, घरीच मशीन आहे, जीन्सच्या कंबरपट्ट्या आणि लूप शिवायचं काम आणते. बोटांची टोकं निळी, धुऊनही न गेलेली. हातात कापडाचं गाठोडं होतं, ते खाली ठेवावं की नाही हे ठरत नव्हतं. जिज्ञासाने पुस्तक पुढे केलं आणि श्रद्धाचा चेहरा उजळला. ही रागावायला नाही, शाबासकी द्यायला बोलावतेय असं तिला वाटलं असावं. ती सांगू लागली की ऋतिकाच्या धाकट्याने ओढलं, पोट बाहेर आलं, पोरगी रडून रडून झोपली, म्हणून मग तिने जीन्सची सुई लावली, दोऱ्याचा रीळ नवा काढला, दोन शिलाया मारल्या. आता दहा पोरांनी ओढलं तरी फाटणार नाही.

जिज्ञासा म्हणाली की शिलाई फार आत गेली आहे.

"कडेला दाब सोडावा लागतो ना, टीचर. काठाला मारली तर कपडा पण उसवतो. हा तर कागद."

ती हे इतक्या प्रेमानं म्हणाली की जिज्ञासाची तयार वाक्यं जागच्या जागी राहिली. तरी तिनं पुस्तक दाबून धरलं, आतलं पान दाखवलं, शब्द आत गेलेत, हे आता कुणाला वाचता यायचं नाही, असं समजावलं. श्रद्धा वाकून बघत राहिली. तिला चूक दिसली. नाकावर घाम आला, आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, बदलून देते, कुठल्या दुकानात मिळतं सांगा. मग एकदम गोंधळून, म्हणजे तिला खरंच समजत नसावं अशा सुरात:

"पण ऋतू तर वाचते. रोज वाचते. मशीनवर बसलं की माझे कान मोकळेच असतात, मीच सांगते, वाच. कुठे अडत नाही ती."

नसेल अडत, पाठ झालं असेल, असं जिज्ञासाच्या तोंडून निघून गेलं. श्रद्धाने गाठोडं उचललं. दाराशी थांबून म्हणाली की पोरगी आता पुस्तक न्यायला भिते, म्हणते टीचर माझं नाव पाटीवर लिहितील. "तुम्ही तिला ओरडू नका हां. मला ओरडा." आणि हसली, आणि गेली. पाटीवर कुणाचं नाव कधी लिहिलं नव्हतं. पण तसं लिहिणारी बाई आपण दिसतो, हे जिज्ञासा कपाटं बंद करताना आणि नंतरही बराच वेळ मनात घोळवत राहिली.

वर्षाअखेरची पडताळणी चालू होती. खराब पुस्तकं एका टेबलावर रचलेली, शेजारी रद्दचा शिक्का आणि लाल पॅड. शिक्का पहिल्या पानावर, मग मधल्या एका पानावर, मग गठ्ठ्यात. तिला हे काम कधी जड गेलं नव्हतं, उलट त्यात एक सुख होतं, कपाट हलकं होण्याचं. त्या दिवशी तिनं बकरीचं पुस्तक गठ्ठ्याच्या वर ठेवलं, आणि शिक्का न उचलता टाके उसवायची सुई उचलली. उसवू. खळ लावू. सगळं नीट आपल्या रीतीनं शिवू, शब्द परत वर येतील. वरून पहिला टाका तिनं कापला, दोरा सहज निघाला, नारिंगी, जाड, नवा. दुसरा कापला. मग पान जरा ओढून बघितलं आणि थांबली. जीन्सची सुई जाड असते. जिथून गेली होती तिथं भोक नव्हतं, छिद्रांची रांग होती, अगदी जवळजवळ, तिकिटं फाडायला असते तशी. आणि ती रांग शब्दांच्या मधून गेली होती. एका शब्दाचं कपाळ गेलेलं, एकाचं पोट. दोरा होता म्हणून पान धरून होतं. दोरा काढला तर पान रेघेवर हातात येईल, आणि शब्द तरीही परत मिळणार नाही. म्हणजे जे या पुस्तकाचं बिघडलं होतं, त्यानंच ते एकत्र राहिलं होतं. तिनं कापलेलं टोक पुन्हा आत ओवून गाठ मारली. गाठ बसली तरी ती पुन्हा पुन्हा ओढून पाहत राहिली, आणि तिला कळेना, एवढं सगळं एका बकरीच्या पुस्तकासाठी?

नाही. एका बकरीच्या पुस्तकासाठी नाही. पण ते दुसरं ती मनात पुरतं आणत नव्हती. ते जवळ आलं की ती खळ ढवळायला घ्यायची.

सहावीच्या ग्रंथालयाच्या तासाला तिनं ऋतिकाला पुढे बोलावलं. मुलगी आली, दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात, खिसे जीन्सचे, आईनं शिवलेले. जिज्ञासाने पुस्तक दिलं आणि म्हटलं, वाच. हे परीक्षेसारखं झालं, हे म्हणतानाच कळलं, पण आता मागे कसं घ्यायचं. पाठ असेल तर घडाघडा म्हणेल. मग कळेलच. ऋतिकाने पुस्तक उघडलं नाही. आधी बसली. मांडी घातली, पुस्तकाचा एक पंख गुडघ्याखाली दाबला, दुसरा डाव्या कोपराखाली, आणि उजवं बोट मोकळं ठेवलं. ही रीत तिची तिनं शोधली होती. मग पान आणि बोट. पान असं होतं:

…… कान हलवले आणि बाजाराकडे पाठ केली.
…… वाटेनं ती एकटीच निघाली. पुढे गेल्यावर
…… भेटला. तो म्हणाला, अगं, तुझी म्हातारी कुठाय?

"बकरीने," ऋतिका म्हणाली, "कान हलवले आणि बाजाराकडे पाठ केली." मग गप्प. बोट दुसऱ्या ओळीवरून शेवटपर्यंत गेलं, परत मागे आलं. ओठ हलले नाहीत. वर्गात कुणीतरी खुर्ची सरकवली. "धुळीच्या वाटेनं ती एकटीच निघाली. पुढे गेल्यावर." पुन्हा गप्प. पुन्हा बोट पुढे, मागे. जिज्ञासाला ती शांतता अंगावर आल्यासारखी झाली. मूळ शब्द तिला माहीत होता, ओळखीच्या. ओळखीच्या वाटेनं. आणि तिसऱ्या ओळीला टांगेवाला. ते दोन्ही शब्द तिच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले, तिनं तोंड उघडलंही, आणि ऋतिकाने मान वर न करता मोकळा हात उचलला. पंजा. ट्रॅफिकवाल्यासारखा. कुणासाठी, टीचरसाठी की मागच्या पोरांसाठी, तिलाही माहीत नसावं.

"रिक्षावाला," ऋतिका म्हणाली, "भेटला."

मागून विनीत नावाचा एक मुलगा उसळला. तो बाजाराच्या तोंडाशी राहतो, त्याला सगळं माहीत असतं. त्याचं म्हणणं पडलं की गावाच्या गोष्टीत रिक्षा कुठून, तिथे ट्रॅक्टरवाला पाहिजे. दुसरी एक म्हणाली, वॉचमन. विनीतने तिला वेड्यात काढलं. ऋतिका चिडली नाही. तिनं पुढची ओळ वाचून दाखवली, तो बकरीला म्हणतो चल, बस, सोडतो, म्हणजे त्याच्याकडे बसायला काहीतरी आहे, वॉचमनकडे खुर्ची असते, ती चालत नाही. वर्ग हसला. विनीत म्हणाला, "शेअर में बकरी को कौन बिठाएगा? चौथी सीट का पैसा कौन देगा?" आणि मग जे सुरू झालं ते जिज्ञासाने त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. पोरं बाकं सोडून आली. कुणी ऋतिकाच्या खांद्यावरून वाकलं, कुणी पुस्तकाचा पंख धरायला बसलं. प्रत्येक ओळीला शांतता, मग आठ शब्द, मग भांडण, मग पुढची ओळ निकाल देणार. एकाचा शब्द पुढच्या ओळीनं पाडला की तो म्हणायचा, चल, परत. त्या भांडणात टांगेवाला कुणाच्याच मनात आला नाही, येणारही नव्हता, त्यांनी टांगा पाहिलेला नाही. जिज्ञासा टेबलाला टेकून उभी होती. तिला आपला शब्द बरोबर असूनही एकदम जुना वाटला, कुणी न मागितलेला. तिनं तो गिळला.

तास संपल्यावर पोरं गेली आणि ऋतिका पुस्तक हातात घेऊन उभी राहिली, परत द्यायचं की काय ते न कळून. जिज्ञासाने विचारलं की तू शब्द कसा ओळखतेस. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि आवाजात ते आलं असावं, कारण मुलगी पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलली.

"ओळखत नाही टीचर. आधी पुढचं सगळं ऐकून घ्यायचं. पुढचे शब्द सांगतात ना, आधी कोण होतं ते." मग जरा विचार करून, "कधीकधी नाही सांगत. मग तसंच पुढे जायचं."

पडताळणीच्या नोंदीत त्या पुस्तकासमोर जिज्ञासाने काही वेळ पेन धरलं. मोठ्या बाई सह्या करायला आल्या तेव्हा तेच पान उघडं होतं. हे काय, अशी अवस्था, काढून टाका की, असं त्या म्हणाल्या. जिज्ञासा म्हणाली, मागणी आहे. आणि खरंच होती, सहावीच्या पाच-सहा जणांनी नाव सांगून ठेवलं होतं, विनीतचं पहिलं. मोठ्या बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं, ते मिटलं, त्यांनी हात झटकला आणि पुढच्या पानावर सही केली. ऋतिका त्या दिवशी दुसरं एक पुस्तक घेऊन गेली. धड, न फाटलेलं. पाटीखालून जाताना तिनं पाटीकडे पाहिलं नाही.

जिज्ञासा घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. सोनिवलीची ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट शेत विकल्याच्या व्यवहारातला, आणि गॅलरीच्या बरोबर खाली सोसायटीची बाग, जिथे पूर्वी शेताचा खोलगट कोपरा होता. आई, ठमाबाई, गॅलरीच्या उंबऱ्यात सूप घेऊन सुकट निवडत बसलेली. बाबा खुर्चीत, कठड्यावर हात ठेवून. खाली माळी पाइपनं हिरवळीला पाणी मारत होता आणि जास्तीचं पाणी फरशीवरून पसरत कोपऱ्याकडे चाललं होतं. जिज्ञासाने बॅग ठेवली आणि खाली बसली, बाबांच्या खुर्चीला पाठ न लावता, समोर. ती आज काहीच ठरवून आली नव्हती. दमली होती.

बाबांचा हात कठड्यावरून उचलला गेला. बोट खाली.

"ते," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आवाज गंजलेला, पण आवाज. आईचं सूप जागच्या जागी थांबलं आणि तोंड सुरू झालं. "पानी पायजे? बाय, पानी दे बाबांना. का आत जायचा हाय? ऊन लागतं का?"

"आई. थांब."

ठमाबाईने तिच्याकडे बघितलं. असं कुणी तिला सांगत नाही. पण गप्प झाली. आणि मग ते आलं, ज्याला जिज्ञासा महिनोन्‌महिने घाबरत होती, ती नुसती मोकळी जागा. त्यात काहीच नव्हतं. पाइपच्या पाण्याचा आवाज. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी. तिच्या तोंडात शब्द जमा व्हायला लागले, पाइप, माळी, बाग, शेत, घसरेल, तिनं जीभ दातांमागे धरली, जबडा दुखायला लागला. बाबांच्या तोंडाकडे बघितलं तर आपलं उघडेल, म्हणून तिनं बोटाकडे बघितलं. बोट माळ्याकडे नव्हतं. पाइपकडेही नव्हतं. पाणी जिकडे चाललं होतं तिकडे, आणि पाण्याबरोबर हळूहळू सरकत होतं. म्हणजे तिनं ओळखलेलं सगळं चुकीचं होतं, पाचही शब्द, आणि ते तोंडातच राहिले म्हणून कुणाला कळलं नाही. ती बोटाच्या मागे मागे गेली, आणि बोट कोपऱ्यात जाऊन थांबलं.

"ते पानी," बाबा म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "आपला." बराच वेळ. "आता कुठं जातं?"

तिनं उत्तर शोधलं. सवयीनं, पटकन. तो कोपरा कुठल्या नळीला जोडलाय, नाल्याला की नदीला, तिला ठाऊक नव्हतं. इथे राहायला येऊन इतके दिवस झाले, तिनं कधी विचार केला नव्हता.

"मला नाही माहीत, बाबा."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. झटक्यानंतर त्यांच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला सगळं माहीत असायचं, त्यांना काय हवंय, काय दुखतंय, काय म्हणायचंय. हे वाक्य त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली, मग जरा उशिरानं दुसरी. भट्टीवर नवा माणूस चुकीची वीट रचायला लागला की ते असे पुढे सरकायचे. तसे सरकले. कठडा धरून वाकले, बोट पुन्हा कोपऱ्यावर.

"तय खाली," ते म्हणाले, "भाकरी हाय."

ठमाबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता, आणि जिज्ञासाला वाटलं, गेलं, आता शटर. तिला खरा शब्द दिसत होता. मोरी. बांधाखाली पाणी जायला दगडाची मोरी होती, लहानपणी तिच्यात हात घालायला बंदी होती. शब्द दातांपर्यंत आला. तिनं तो तिथंच ठेवला.

बाबांनीही ऐकलं होतं. आपलंच. ते क्षणभर भाकरी या शब्दाकडे बघत राहिले, मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा होता. त्यांनी मान हलवली.

"भाकरी नाय," ते म्हणाले. आई काहीतरी बोलणार होती, त्यांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. "थांब. सांगतो."

ठमाबाईने सूप बाजूला ठेवलं.